विचारलं तर चालेल का? ॲडम हिल्सच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

पहिली बारा वर्षं ऑस्ट्रेलियन विनोदवीर ॲडम हिल्स स्टेजवर आपल्या पायाविषयी अवाक्षर बोलला नाही. त्याला उजवं पाऊल जन्मतःच नाही. अगदी लहानपणापासून तो कृत्रिम पायावर चालतो, आणि फुल पँट घालून उभा राहिला की समोर बसलेल्याला काही कळत नाही. १९८९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो सिडनीच्या कॉमेडी स्टोअर या विनोदाच्या क्लबात पहिल्यांदा माइकसमोर आला. दुसरा कुणी असता तर पहिला विनोद पायावरच झाला असता, इतका तो विषय आयता होता. पण सुरुवातीच्या काळातच त्याला सल्ला मिळाला होता, की आधी विनोदात पक्का हो, मग पायाचं काढ. त्याने तो मनावर घेतला. ‘एका पायाचा विनोदवीर’ ही पाटी त्याला गळ्यात नको होती.

आज ब्रिटनमध्ये त्याला ओळखतात ते चॅनल फोरवरच्या ‘द लास्ट लेग’मुळे. म्हणजे कार्यक्रमाच्या नावातच पाय. स्टेजवर पहिल्यांदा उभं राहण्यापासून या कार्यक्रमापर्यंत तेवीस वर्षं गेली. लोक त्याच्याविषयी लिहितात तेव्हा बहुतेक वेळा २०१२ पासून सुरुवात करतात. मला मात्र आधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात, कारण पुढे जे घडलं ते त्या वर्षांत केलेल्या तयारीशिवाय घडलंच नसतं.

हिल्सचा जन्म १० जुलै १९७० चा, वाढला सिडनीच्या दक्षिणेकडच्या सदरलँड शायर भागात. वडील क्वांटास विमान कंपनीत नोकरीला. तो शाळेत होता त्या काळात ऑस्ट्रेलियात विनोदाची दोन मोठी नावं होती. एक बॅरी हम्फ्रीज, ज्यांनी १९५५ मध्ये मेलबर्नमध्ये डेम एडना हे पात्र जन्माला घातलं. दुसरे पॉल होगन, सिडनीच्या हार्बर ब्रिजवर काम करणारे कामगार, जे १९७१ मध्ये टीव्हीवरच्या नवोदितांच्या स्पर्धेत आले आणि घराघरांत पोचले. पण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आयुष्याबद्दल, नुसता माइक हातात घेऊन तासभर बोलणं ही गोष्ट तिथे उशिरा रुजली. मेलबर्नच्या कॉलिंगवूडमध्ये ‘लास्ट लाफ’ हे थिएटर-रेस्तराँ १९७६ मध्ये उघडलं, सिडनीचं कॉमेडी स्टोअर १९८१ मध्ये. १९८७ मध्ये मेलबर्न आंतरराष्ट्रीय कॉमेडी महोत्सव सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला हम्फ्रीज आणि इंग्लंडचे पीटर कुक होते. आज एडिंबरा आणि माँट्रियलच्या महोत्सवांच्या बरोबरीने त्याचं नाव घेतलं जातं. हिल्स ज्या वर्षी पहिल्यांदा उभा राहिला त्याच वर्षी एबीसी या सरकारी वाहिनीने ‘द बिग गिग’ हा स्टँड-अपचा कार्यक्रम आणला, सूत्रसंचालक वेंडी हार्मर. थोडक्यात, तो आला तेव्हा दारं नुकतीच उघडत होती.

क्लबातल्या मिळकतीवर मात्र घर चालत नाही. ऑस्ट्रेलियात त्यावरचा उपाय होता रेडिओ. १९८० मध्ये खासगी एफएम केंद्रं सुरू झाली आणि सकाळच्या कार्यक्रमासाठी त्यांना बोलकी माणसं हवी होती. गाणी सगळ्यांकडे तीच, मग ऐकणारा आपल्या केंद्राशी बांधून ठेवायचा तर मधली बडबड चांगली हवी. विनोदवीर तिथे मोठ्या संख्येने गेले. नव्वदीच्या दशकात हिल्स ॲडलेडच्या एसएएफएम केंद्रावर सकाळचा कार्यक्रम करत होता. पहाटे उठायचं, रोज काही तास बोलायचं, आणि फोनवर येणाऱ्या अनोळखी माणसाला दोन वाक्यांत मोकळं करायचं. क्लबात कुणी मध्ये बोललं की त्याला गप्प करणं हे कौशल्य मानतात. रेडिओवर उलटं असतं. तिथे समोरचा गप्प झाला तर पंचाईत निवेदकाची, म्हणून त्याला बोलतं करावं लागतं. हिल्सच्या स्वभावातच मार्दव असेल, पण त्या मार्दवाला कारागिरीचं रूप मिळालं ते या सकाळच्या पाळीत, असं माझं मत आहे. पुढे त्याच्या स्टेज शोमध्ये प्रेक्षकांशी गप्पा हा मोठा भाग झाला, आणि पहिल्या रांगेत बसलेला माणूस त्याच्या शोमधून हिरमुसून जात नाही.

नव्वदीच्या अखेरीस तो ब्रिटनला गेला. इथे एडिंबरा फ्रिंजबद्दल थोडं सांगायला हवं. १९४७ मध्ये एडिंबरात आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तेव्हा आठ नाटक मंडळ्या निमंत्रण नसताना तिथे आल्या आणि कडेकडेच्या जागा घेऊन प्रयोग केले. त्यातून फ्रिंज उभा राहिला. आता दर ऑगस्टमध्ये शाळा, चर्चची सभागृहं, पबच्या माड्या, तळघरं, जिथे खुर्च्या मावतील तिथे शो होतात. आणि इथला शो सहसा तासाभराचा असतो. क्लबातली पंधरा-वीस मिनिटं आणि हा एक तास यांत नुसता लांबीचा फरक नाही. वीस मिनिटं सुट्या विनोदांवर निभावतात. एका तासाला कणा लागतो. एकच माणूस इतका वेळ बोलतोय म्हटल्यावर हा आहे तरी कोण, हे ऐकणाऱ्याला हवं असतं. फ्रिंजने कितीतरी विनोदवीरांना स्वतःबद्दल बोलायला लावलं ते या तासामुळे.

हिल्सचंही तसंच झालं. २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन वर्षं त्याला तिथल्या मानाच्या पेरिए पुरस्काराचं नामांकन मिळालं. पुरस्कार एकदाही मिळाला नाही, पण नाव झालं. यातलं मधलं वर्ष महत्त्वाचं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानतळांवरची तपासणी एकाएकी कडक झाली, आणि हिल्सच्या पायातल्या धातूमुळे यंत्र वाजायचं. दौऱ्यावर असणारा माणूस, दर आठवड्याला विमान. दर वेळी तीच शिट्टी, तेच थांबवणं, तोच खुलासा, आणि समोरच्या सुरक्षारक्षकाच्या चेहऱ्यावरचा तोच अवघडलेपणा. इतकी वर्षं जे तो स्टेजवर सांगत नव्हता ते आता यंत्रच सगळ्यांसमोर सांगत होतं. २००२ च्या ‘हॅपी फीट’ या शोमध्ये तो पायाबद्दल बोलला. त्या विनोदांचा विषय पाय कमी आणि लोकांची तारांबळ जास्त होता. पाय त्याच्यासाठी जन्मापासूनचा, सवयीचा; गडबडतात ते इतर. ही नजर बारा वर्षं थांबल्यामुळे आली असावी. एकोणिसाव्या वर्षी तो बोलला असता तर लोक कीव करत हसले असते, आणि ती कीव दूर कशी करायची हे तेव्हा त्याला माहीत नव्हतं.

मायदेशात त्याला घरोघरी नेलं ते वेगळ्याच कार्यक्रमाने. २००५ मध्ये एबीसीवर ‘स्पिक्स अँड स्पेक्स’ सुरू झाला, बुधवारी रात्री साडेआठला. संगीतावरची कोड्यांची स्पर्धा, दोन संघ, कप्तान मिफ वॉरहर्स्ट आणि ॲलन ब्रो. मिफ ट्रिपल जे या रेडिओ केंद्रावरून आलेली, ब्रो मूळचा न्यूझीलंडचा. नाव बी जीज या बँडच्या १९६६ च्या गाण्यावरून. त्यातला एक खेळ मला फार आवडतो: कप्तानाने ओळखीच्या गाण्याच्या चालीवर भलत्याच पुस्तकातला मजकूर गायचा, उदाहरणार्थ एखादी रुक्ष माहितीपुस्तिका, आणि संघाने गाणं ओळखायचं. भेंड्या खेळत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे लगेच जवळचं वाटतं. ब्रिटनमध्ये याच धर्तीचे कार्यक्रम होते, पण त्यांत पाहुण्या गायकाची खिल्ली उडवणं हाच खेळ असायचा. हिल्सने तो सूर ठेवला नाही. एकेकाळी गाजून विसरला गेलेला गायक इथे आला की त्याला मान मिळायचा, कधी शेवटी गायलाही मिळायचं. दहा लाखांवर लोक तो पाहत. २०११ मध्ये थांबला. २०१४ मध्ये दुसऱ्या सूत्रसंचालकाला घेऊन केलेला प्रयत्न टिकला नाही. २०१८ मध्ये जुनी मंडळी एका विशेष भागासाठी एकत्र आली आणि त्यानंतर कार्यक्रम पुन्हा रुळावर आला.

याच वर्षांत तो आणखी एक गोष्ट करत होता, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. ऑस्ट्रेलियातली कर्णबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे ऑस्लॅन. हिल्सने आपल्या काही प्रयोगांत ऑस्लॅनची दुभाषी शेजारी उभी केली. अशा वेळी दुभाष्याला कोपऱ्यात दिव्याखाली ठेवून विसरून जाण्याची पद्धत असते. हिल्सने तिला प्रयोगातच ओढलं. एखादा शब्द हातांनी कसा दाखवतात ते विचारायचं, मुद्दाम अवघड वाक्य टाकायचं, आणि ती ते कसं पेलते हे सगळ्या सभागृहाने पाहायचं. ऐकू येणाऱ्यांना त्या भाषेची गंमत कळली, आणि ऐकू न येणाऱ्यांना इतरांच्या बरोबरीने, त्याच क्षणी हसता आलं. विनोदात क्षणाला केवढी किंमत असते हे वेगळं सांगायला नको.

२००८ मध्ये बीजिंग पॅरालिंपिकचं वार्तांकन त्याने एबीसीसाठी केलं. या खेळांची मुळं इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात आहेत. नाझी जर्मनीतून निसटून आलेले डॉक्टर लुडविग गुटमान तिथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी सोळा जखमी सैनिकांची, स्त्रिया आणि पुरुष मिळून, तिरंदाजीची स्पर्धा भरवली. १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिंपिक झालं. पण टीव्हीवर या खेळांना पुढची कित्येक दशकं नीट जागा मिळाली नाही. आपल्याकडचंच पाहा: सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षं त्यांचं नाव किती शाळांमध्ये सांगितलं गेलं असेल, हा विचार आला की मन कडू होतं.

२०१२ च्या लंडन पॅरालिंपिकचे ब्रिटनमधले प्रक्षेपणाचे हक्क चॅनल फोरने बीबीसीच्या हातून मिळवले होते. वाहिनीने ठरवलं, की या खेळांसाठीचे निम्मे निवेदक स्वतः दिव्यांग असतील, आणि त्यासाठी देशभर शोध घेतला. त्या शोधातून ॲलेक्स ब्रुकर हा तरुण पत्रकार सापडला. त्याच्या हातांची घडण जन्मापासून वेगळी आणि एक पाय कृत्रिम. दिवसभराच्या स्पर्धांनंतर रात्री गप्पांचा एक कार्यक्रम हवा होता. त्यासाठी हिल्सला बोलावलं, सोबत ब्रुकर आणि दोन्ही पाय शाबूत असलेला विनोदवीर जॉश विडिकम. तीन माणसं, चार पाय, अशी कार्यक्रमाची ओळख करून दिली जायची.

त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं, मनात येतील ते प्रश्न ट्विटरवर विचारा, आणि त्यासाठी खूण दिली ‘इज इट ओके’, म्हणजे ‘चालेल का?’ प्रश्नांचा पाऊस पडला. हात नसलेला पोहणारा शर्यत सुरू करताना कशाला धरून राहतो? वेगवेगळी अपंगत्वं असलेले लोक एकाच शर्यतीत कसे? मला हसू आलं, चालेल का? वर्गवारी समजावण्यासाठी वाहिनीने सोप्या आकृत्याही केल्या होत्या, पॅरालिंपिक जलतरणपटू जाइल्स लाँग यांच्या कल्पनेतून. दोनशे मीटरच्या शर्यतीत ब्राझीलच्या ॲलन ऑलिव्हेराने दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसला हरवलं आणि धावण्यासाठीच्या कृत्रिम पायांच्या, म्हणजे पात्यांच्या, लांबीवरून वाद झाला, तेव्हा लोक त्यावर क्रिकेटच्या पायचीतसारखे तावातावाने बोलू लागले. दया दाखवायला कुणाला सवड उरली नाही, आणि मला वाटतं त्या दहा रात्रींची खरी कमाई तीच होती. माणूस हरला तर त्याच्यावर टीका करता यावी, तो रडला तर ‘रडीचा डाव’ म्हणता यावं, एवढी बरोबरी आधी कुठे होती?

खेळ संपले, कार्यक्रम संपला नाही. २०१३ मध्ये तो शुक्रवार रात्रीचा साप्ताहिक झाला आणि राजकारणाकडे वळला. २०१५ च्या निवडणुकीआधी ब्रिटनचे तेव्हाचे उपपंतप्रधान निक क्लेग ब्रुकरसमोर बसले आणि त्याने सरळ, कोणताही आडपडदा न ठेवता प्रश्न विचारले. हिल्स स्वतः अधूनमधून कॅमेऱ्याकडे पाहून चिडून, सलग बोलतो. इतरत्र मवाळ असलेला हा माणूस दुर्बळावर कुणी हसलं की पेटतो, हे तिथे दिसतं. रिओ, टोकियो, पॅरिस, प्रत्येक पॅरालिंपिकला कार्यक्रम पुन्हा रोजचा होतो. पॅरिसला २०२४ मध्ये आटपाडीकडच्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्य जिंकलं, त्याच त्या स्पर्धा.

२०२२ मध्ये हिल्सला ब्रिटनचा एमबीई किताब मिळाला, पॅरालिंपिक खेळ आणि दिव्यांगांविषयीच्या जागृतीसाठी. मला त्याहून त्याचं रग्बी जास्त भावतं. तो लहानपणापासून साउथ सिडनी रॅबिटोज संघाचा चाहता. शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठीचं रग्बी लीग सिडनीत सुरू झालं होतं. ते त्याने तिथे पाहिलं, खेळला, आणि इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन वुल्व्ज क्लबात संघ उभा करायला मदत केली. वय पंचेचाळिशीच्या पुढे. मग त्या संघाबरोबर सिडनीला जाऊन आपल्याच लाडक्या रॅबिटोजविरुद्ध उतरला. या खेळात ज्यांचं अपंगत्व जास्त गंभीर आहे ते लाल शॉर्ट्स घालतात. त्यांना खाली पाडायचं नसतं, नुसता हात लावला की झालं. बाकीच्यांना मात्र पूर्ण ताकदीने पाडतात, आणि हिल्स या बाकीच्यांत खेळतो.