बॅरेट अन्ननलिका: धोक्याचा आकडा कसा खाली आला

बॅरेट अन्ननलिका म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या भागाचे अस्तर बदलण्याचा आजार. दुर्बीण तपासणीच्या अहवालात ‘बॅरेट’ हा शब्द आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कर्करोग कधी होणार? बहुतेकांच्या बाबतीत खरे उत्तर ‘कधीच नाही’ असे आहे. पण ते इतक्या ठामपणे सांगता यायला बरीच वर्षे जावी लागली.

सुरुवात चुकीच्या समजातून झाली. १९५० मध्ये याचे वर्णन करणाऱ्या नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकाला हा बदललेला भाग छातीत ओढले गेलेले जठर वाटला. तीन वर्षांनी इतरांनी दाखवून दिले की नळी अन्ननलिकेचीच आहे, अस्तर तेवढे बदलले आहे. १९५७ मध्ये बॅरेट यांनीही ते मान्य केले, आणि आजाराला नाव मात्र त्यांचेच चिकटले. कर्करोगाशी असलेला संबंध ठळक झाला तो पुढे, सत्तरच्या दशकात.

सुरुवातीचे अभ्यास मोजक्या रुग्णांचे होते, आणि कर्करोगाचा धोका वर्षाला १ टक्का किंवा त्याहून जास्त सांगितला जाई. २००० साली एका आढाव्यात दिसले की अभ्यास जितका लहान तितका धोका मोठा. म्हणजे धक्कादायक निष्कर्षच जास्त छापले जात होते. त्यानंतर ०.५ टक्के हा आकडा रूढ झाला. २०११ मध्ये डेन्मार्कच्या ११,०२८ रुग्णांच्या नोंदींतून तो ०.१२ टक्क्यांवर आला, म्हणजे वर्षाला साधारण ८६० जणांत एक. तिथे आढळलेल्या १९७ कर्करोगांपैकी १३१ पहिल्याच वर्षात सापडले होते. ते बहुधा निदानाच्या वेळीच असणार, म्हणून हिशोबात धरले गेले नाहीत.

खरा गुंता मात्र व्याख्येचा आहे. अस्तर बदलले एवढे पुरे, की त्यात गॉब्लेट पेशी, म्हणजे आतड्यात असतात तशा चिकट स्राव सोडणाऱ्या पेशी, दिसायलाच हव्यात? अमेरिकेतील तज्ज्ञांनी त्या पेशींची अट कायम ठेवली. २०१४ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी ती घातली नाही, बदललेला पट्टा किमान १ सेंटिमीटर असावा एवढेच म्हटले. ब्रिटिशांच्या बाजूने मोठा मुद्दा नमुन्यांचा. एका अभ्यासात अस्तराचे ४ तुकडे तपासायला घेतल्यावर जेमतेम ३५ टक्के वेळा आणि ८ घेतल्यावर ६८ टक्के वेळा या पेशी सापडल्या. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे, हे त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. पण उत्तर आयर्लंडचे २०११ चे आकडे दुसरी बाजू दाखवतात. तिथे उच्च श्रेणीचा डिस्प्लेसियाही (कर्करोगाआधी पेशींत दिसणारा बिघाड) धरून वार्षिक धोका गॉब्लेट पेशी असलेल्यांत ०.३८ टक्के होता, नसलेल्यांत ०.०७. एकाच नावाखाली पाचपट फरक! ज्याच्या नमुन्यात या पेशी नाहीत त्याच्यावरही तेच भीतिदायक नाव येते, आणि त्याची किंमत माणूस वर्षानुवर्षे काळजीने मोजतो. ब्रिटिश सूचनांनी निदान पुढची वाट तरी वेगळी ठेवली: पट्टा ३ सेंटिमीटरहून आखूड असेल आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही या पेशी दिसल्या नाहीत, तर नियमित निगराणीतून सुट्टी देता येते.

डिस्प्लेसिया असेल तर हिशोब पार बदलतो. उच्च श्रेणीच्या डिस्प्लेसियात धोका वर्षाला काही टक्क्यांवर जातो, आणि २००९ पासून रेडिओ लहरींच्या उष्णतेने ते अस्तर जाळण्याचा उपचार चाचणीत सिद्ध झाला आहे. उरलेल्यांसाठी २०२५ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. डिस्प्लेसिया नसलेल्या किंवा फक्त कमी श्रेणीचा असलेल्या काहींची दर दोन वर्षांनी दुर्बीण तपासणी झाली, काहींची गरज पडली तरच. किमान दहा वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही.