ओरिकॉन अल्बम क्रमवारी

जपानमध्ये दर आठवड्याला सर्वाधिक खपलेल्या अल्बमांची यादी. सोको कोइके यांनी 1967 मध्ये सुरू केलेली ओरिकॉन ही कंपनी देशभरातल्या दुकानांतून सोमवार ते रविवारचे विक्रीचे आकडे गोळा करून ती तयार करते. एकल गाण्यांच्या तबकड्यांची क्रमवारी 1968 मध्ये आली, एलपी तबकड्यांची 1970 मध्ये.

पहिल्याच वर्षावर केइको फुजी यांची छाप आहे. विरह आणि एकटेपण आळवणाऱ्या एन्का या गायनप्रकारातल्या त्या गायिका. त्यांचा पहिला अल्बम 20 आठवडे अव्वल राहिला आणि दुसऱ्याने लगेच पुढचे 17 आठवडे ती जागा धरून ठेवली. आता असे घडणे जवळजवळ अशक्य आहे. वर्षभराची यादी काढली तर बहुतेक आठवड्यांत वर वेगळेच नाव दिसते.

याचे कारण खरेदीच्या रीतीत आहे. नवे अल्बम प्रथेने बुधवारी प्रकाशित होतात, पण दुकानदार मंगळवारीच माल मांडतात. आदल्या दिवशी प्रत मिळवण्याला चाहते ‘फुरागे’ म्हणतात. पाठीवर कागदी पट्टी (ओबी) गुंडाळलेली सीडी कोरी करकरीत हातात पडावी, ही हौस मोठी. त्यात ‘शोकाई गेन्तेई’, म्हणजे फक्त पहिल्या खेपेपुरती मर्यादित आवृत्ती, सोबत डीव्हीडी किंवा छायाचित्रे घेऊन येते. निष्ठावान चाहता एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्याही घेतो. साहजिकच खप पहिल्या आठवड्यात एकवटतो आणि दुसऱ्या आठवड्यात कोसळतो.

जपानमधले सीडी उत्पादन 1998 मध्ये शिखरावर होते. पुढच्याच वर्षी, 10 मार्च 1999 रोजी, हिकारू उतादा यांचा ‘फर्स्ट लव्ह’ आला. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या उतादा तेव्हा अवघ्या 16 वर्षांच्या होत्या, आणि त्यांची आई म्हणजे त्याच केइको फुजी. अल्बम 76 लाखांहून अधिक खपला. जपानी अल्बमांत हा विक्रम अजून अबाधित आहे.

क्रमवारीच्या इतिहासातला सर्वांत थरारक आठवडा मात्र 2001 चा. 28 मार्चला उतादांचा ‘डिस्टन्स’ आणि आयुमी हामासाकी यांचा निवडक गाण्यांचा ‘अ बेस्ट’ एकाच दिवशी बाजारात उतरले. पहिल्या आठवड्यात ‘डिस्टन्स’ 30 लाखांच्या वर गेला, तर ‘अ बेस्ट’ सुमारे 28 लाख 70 हजारांवर थांबला. एरवी कुठल्याही आठवड्यात सहज पहिला आला असता असा हा आकडा, पण त्या आठवड्यात तो दुसरा ठरला. ‘डिस्टन्स’चा पहिल्या आठवड्याचा आकडा 2015 पर्यंत जगात कुठल्याही अल्बमला ओलांडता आला नाही; त्या वर्षी अमेरिकेत अडेल यांच्या ‘25’ने तो ओलांडला.

वार्षिक यादी वाचताना एक लक्षात ठेवावे. ओरिकॉनचे वर्ष डिसेंबर ते डिसेंबर असे मोजले जाते, त्यामुळे वर्षअखेरीस आलेल्या अल्बमचा बराच खप पुढच्या वर्षाच्या खात्यात पडतो. डिसेंबर 2018 पासून डाउनलोड आणि स्ट्रीमिंग मिळवून एकत्रित क्रमवारीही निघते. तरी सीडीचा जोर ओसरलेला नव्हता. 2019 मध्ये आराशी या पाच जणांच्या गटाचा वीस वर्षांच्या कारकिर्दीचा संग्रह जपानमध्ये तर पहिला आलाच, शिवाय त्या वर्षी जगात सर्वाधिक खपलेला अल्बमही तोच होता.