डिंक्या बागेच्या आधी पन्हेरीत असतो

संत्र्याचं झाड वरून हिरवंगार असतं, पण खाली वाकून बुंधा पाहिला की सालीतून तांबूस डिंक ओघळलेला दिसतो. तिथली साल चाकूनं खरवडली तर आत तपकिरी पट्टे निघतात. मग पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, शेंडे वाळू लागतात. हाच डिंक्या. विदर्भातले बागायतदार त्याचा दोष त्या सालच्या पावसाला देतात. पावसाचा त्यात हात असतोच, पण गोष्ट फार मागं सुरू होते.

नागपुरी संत्रं मूळचं नागपूरचं नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपं आणून नागपुरात लावली, असं सांगतात. तिथून ते काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या काळ्या जमिनीत पसरलं. ही जमीन कसदार खरी, पण पाणी धरून ठेवते, आणि संत्र्याच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही.

त्यात खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याची, निवड. संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, बहुतेक जंबेरी या आंबट लिंबाच्या रोपावर बांधला गेला. जंबेरी जोमानं वाढते, पाण्याचा ताण सोसते, रोपं एकसारखी निघतात; शेतकऱ्यानं ती पसंत केली यात नवल नाही. मात्र डिंक्या आणणाऱ्या फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जिवापुढे ती लवकर हात टेकते. आयर्लंडमध्ये 1845पासून बटाट्याचं पीक बुडवून दुष्काळ आणणारा रोगकारक याच कुळातला. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. मोकाट पाणी दिलं की ते एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात जातात.

मला सर्वांत जास्त टोचते ती पन्हेरी, म्हणजे कलमं तयार करायची रोपवाटिका. त्याच वावरात वर्षानुवर्षं रोपं काढली, की रोग मातीत मुरतो आणि कलमाच्या मुळाशी बांधलेल्या मातीसकट नव्या बागेत पोचतो. शेतकरी पैसे मोजून रोगच घरी आणतो.

1985 साली नागपुरात लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. उन्हात तापवून निर्जंतुक केलेल्या मातीत, पिशवीत वाढवलेली रोपं आणि रंगपूर लाईम या लिंबाचा खुंट यांचा आग्रह तिथून धरला गेला. रंगपूर लाईम या रोगापुढे जंबेरीपेक्षा चांगला टिकतो. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करायचं, म्हणजे बुंध्याभोवतीचं आतलं आळं कोरडं ठेवून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यायचं, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावायचं. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. हे आता बहुतेकांना तोंडपाठ आहे.

तरी 2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही स्वस्त कलमांचा बाजार तसाच चालू होता. कलम घेताना डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधलेला आहे का, हे आधी पाहावं. लावताना तो मातीखाली गेला, की ओली माती थेट संत्र्याच्या सालीला भिडते, आणि ही साल जंबेरीहूनही नाजूक असते.