शिडाच्या जहाजावरची प्रशिक्षण सफर : खान्देशातल्या मुलामुलींनी अर्ज कसा करावा

समुद्र कधी पाहिला नसला तरी या सफरीला अर्ज करता येतो. ‘सेल ट्रेनिंग इंटरनॅशनल’ या संस्थेच्या टॉल शिप्स, म्हणजे मोठ्या शिडांच्या जहाजांच्या, शर्यतींत प्रत्येक जहाजावरची किमान निम्मी माणसं 15 ते 25 वयोगटातली असावी लागतात. त्यांना दोर ओढणं, सुकाणू धरणं, रात्रीचा पहारा हे सगळं जहाजावरच शिकवतात. बहुतेक ठिकाणी चार तास काम, आठ तास विश्रांती अशी पाळी असते. डोलकाठीवर चढायची सक्ती नसते. घरातून कधी एकटं न निघालेलं पोर पहाटे चारपर्यंत सुकाणू सांभाळतं, तेव्हा त्याच्यात आत्मविश्वास येतो.

आपल्या नौदलाच्या ‘तरंगिणी’ (1997) आणि ‘सुदर्शिनी’ (2012) या जहाजांबद्दल बरेच जण विचारतात. ती नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी आहेत. नागरिकांनी अर्ज करायचा तो परदेशी जहाज चालवणाऱ्या संस्थेकडे, थेट.

सुरुवात मात्र पासपोर्टपासून करा, जहाजापासून नाही. अपॉइंटमेंट पासपोर्ट सेवा पोर्टलवर मिळते. 36 पानी पासपोर्टला 1,500 रुपये लागतात. अठराच्या आतल्यांना 1,000 रुपयांत पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल तोवरचा मिळतो. पंधरा ते अठरा वयाच्यांना 1,500 भरून दहा वर्षांचाही घेता येतो, आणि तोच घ्यावा. अल्पवयीनांसाठी आई-वडिलांचं संमतीचं घोषणापत्र, म्हणजे परिशिष्ट ‘ड’ (Annexure D), जोडावं लागतं.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा, इंग्रजी स्पेलिंग आणखी वेगळं. पासपोर्टमध्ये ‘आडनाव’ आणि ‘दिलेलं नाव’ असे दोन रकाने असतात. वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात घालायचं की नाही हे एकदा ठरवा आणि पुढे व्हिसा, विमान तिकीट, जहाजाचा फॉर्म सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच ठेवा. दुसरी अडचण जन्मतारखेची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिली असेल आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर खरी तारीख असेल, तर ती तफावत अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या.

शहाद्याचं घर आणि जळगावचं वसतिगृह असेल, तर सध्या राहता तोच पत्ता द्या. पोलीस पडताळणीला मुलगा गावी सापडला नाही की अहवाल प्रतिकूल जातो.

जहाजाचा फॉर्म मुलानं किंवा मुलीनं स्वतः भरावा. पालकांनी फक्त संमतीच्या जागी सही करावी. उंची-वजन हार्नेस (अंगावर बांधायचा सुरक्षापट्टा) आणि लाइफजॅकेटच्या मापासाठी विचारतात, ते खरं लिहा. विहिरीत पोहता येत असेल तर तसंच नोंदवा, न थांबता किती मीटर पोहता तेही. शाकाहारी असाल तर अंडं चालतं का, हे वेगळं लिहा.

आरोग्याच्या रकान्यात काहीही लपवू नका. दमा, फिट्स, चालू औषधं सगळं हवं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं या दोन्हींनी रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि डेकवर दोन्ही गोष्टी नेहमीच्या. किनारा दूर असताना हे कळून उपयोग नाही.

जहाजानं जागा पक्की केल्याचं पत्र आलं की शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज सफरीआधी सहा महिन्यांपासून ते पंधरा दिवसांपर्यंत करता येतो, पण शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. चौकशी लांबली तर 45 दिवसही लागतात. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी वैध हवा आणि दोन पानं कोरी. 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, त्यासाठी मुंबईची एक फेरी धरा.

मार्ग नीट वाचा. जहाज मध्ये ब्रिटनच्या बंदराला लागून पुन्हा शेंगेन देशात येणार असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा बहुप्रवेशी हवा. एकप्रवेशी घेतला, तर सफर अर्ध्यावर सोडून परतावं लागेल.