चार बोटं पाण्यातलं धुणं

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी समोरून दार उघडणारं, म्हणजे फ्रंट लोड वॉशिंग मशीन आलं, तेव्हा पहिलं धुणं होईपर्यंत आई त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली होती. काचेतून पाणी असं दिसतच नव्हतं. ओले कपडे वर जायचे, धप्पकन खाली पडायचे आणि तळाशी जेमतेम चार बोटं पाणी. "एवढ्याशा पाण्यात मळ निघतो तरी कसा?" तिनं विचारलं. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीतून कळशी-कळशीनं पाणी काढून धुणं केलेल्या बाईला ही शंका येणारच, आणि ती रास्तही आहे.

हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९ मध्ये धुण्याचं गणित एका वर्तुळात मांडलं. त्याचे चार वाटे: साबणाचं रसायन, कपड्यांना बसणारा मार, उष्णता आणि वेळ. मळ काढायचा तर या चौघांची बेरीज पुरेशी व्हायला हवी. एकाचा वाटा कमी केला, तर उरलेल्यांनी तो भरून काढायचा. पाणी या चौघांना कपड्यापर्यंत पोचवतं. धुण्याच्या दगडावर मार आणि वेळ हे दोन्ही वाटे बाईच्या खांद्यांतून आणि कमरेतून यायचे, हे त्या वर्तुळात कुठे दिसत नाही.

वरून कपडे टाकायच्या यंत्रात कपडे पाण्यात तरंगत फिरतात. ते मोकळे फिरायचे तर टब भरावाच लागतो, म्हणून सहा-सात किलोच्या पूर्ण स्वयंचलित टॉप लोड यंत्राला एका धुण्यात साधारण १०० ते १५० लिटर पाणी लागतं. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो. आतल्या पाखी कपडे उचलून वर नेतात आणि ते स्वतःच्या वजनानं खाली आपटतात. म्हणजे दगडावरच्या आपटण्याचंच काम इथे गुरुत्वाकर्षण करतं. कपडे तरंगवायचे नाहीत, फक्त भिजवायचे. त्यामुळे एवढ्याच कपड्यांना ५० ते ७० लिटर पुरतात.

पण खरी गंमत विसळण्यात आहे. समजा पिळलेल्या कपड्यांत ६ लिटर पाणी अडकलंय आणि त्यात २७ माप साबण आहे. एकदम ३६ लिटर पाणी घालून विसळलं आणि पिळून पुन्हा ६ लिटरवर आणलं, तर जवळजवळ ४ माप साबण कपड्यांतच राहतो. तेच ३६ लिटर १२-१२ लिटरच्या तीन पाण्यांत वाटलं आणि दर वेळी पिळून काढलं, तर साबण २७ वरून ९, ९ वरून ३ आणि ३ वरून १ मापावर येतो. पाणी तेवढंच, साबण पावपट. मात्र पिळण्यात कसूर झाली आणि दर वेळी १२ लिटर पाणी कपड्यांतच राहिलं, तर तीन पाण्यांनंतरही ३ मापांहून जास्त साबण उरतो. थोड्या पाण्यात विसळणं जमतं ते चांगलं पिळता येतं म्हणून. सेमी ऑटोमॅटिक यंत्रात नळ चालू ठेवून कपडे फिरवत ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. तो मला पाण्याचा सर्वांत मोठा अपव्यय वाटतो. उलट त्याच यंत्रात साबणाचं पाणी दुसऱ्या खेपेला वापरणारी आणि विसळायला टब भरून नळ बंद करणारी गृहिणी महागड्या यंत्रालाही हरवू शकते.

आता पिळण्याचा जोर पाहा. २४ सेंटीमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला ७०० फेरे घेतो तेव्हा कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १३० पट जोर येतो. १,२०० फेऱ्यांना तो ३८० पटींच्या पुढे जातो, कारण जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सहा किलो सुती कपड्यांतून त्यामुळे दीडेक लिटर जास्त पाणी निघून जातं. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत राहिलेल्यालाच या दीड लिटराची किंमत कळते. जुलैत दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट असतो आणि त्याला कुबट वास सुटतो. पाण्याची वाफ व्हायला लिटरमागे पाऊण युनिटच्या थोडी खाली उष्णता लागते, म्हणजे हे दीड लिटर ड्रायरनं वाळवायचं तर एक युनिट गेलं. फिरवून काढायला त्याच्या तुलनेत अगदी थोडी वीज पुरते. म्हणून आमच्या घरात पावसाळ्यापुरते हे यंत्राचं सर्वांत मोठं देणं ठरलं आहे, पाण्याच्या बचतीहूनही मोठं.

वाचलेल्या पाण्याची भरपाई वेळ करतो. टॉप लोड पाऊण तासात मोकळं होतं, तर फ्रंट लोडचं सुती कपड्यांचं चक्र दोन-अडीच तासही चालतं. पावसाळ्यात वीज ये-जा करते तेव्हा हे लांबलेलं चक्र फार जाचतं. कपडे साबणात, दार कुलूपबंद आणि घरात अंधार.

उष्णतेचा हिशेब मात्र आपल्या बाजूनं आहे. गोव्यात नळाचं पाणीच २८ अंशांच्या आसपास असतं. धुवायला १५ लिटर पाणी घेतलं, तर ते ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.२ युनिट आणि ६० अंशांवर न्यायला ०.५६ युनिट उष्णता पुरते. ५० लिटर पाणी तापवायचं असतं तर तेच दोन युनिटांच्या घरात गेलं असतं. रोजच्या कपड्यांना गरम पाण्याची गरज नाही. पण आपल्या दमट हवेत चादरी-उश्यांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात आणि ते मरायला ५५ अंशांच्या वर जावं लागतं. दम्याचा त्रास असलेल्या घरात पांघरुणं गरम पाण्यात धुणं मला खर्चाच्या मोलाचं वाटतं.

साबणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चुका तिथेच होतात. बादलीतल्या धुण्याच्या पावडरीचा भरपूर फेस होतो. फ्रंट लोडमध्ये तो फेस गादीसारखा काम करतो. कपडे त्यावर अलगद पडतात, मार बसत नाही आणि मळ निघत नाही. काही यंत्रं फेस ओळखून जादा पाणी घेतात आणि पुन्हा विसळतात, म्हणजे वाचवलेलं पाणी तिथेच गेलं. कमी फेसाची पावडर आणि तीही मोजून घालायची, एवढं पाळलं तरी निम्म्या तक्रारी संपतात. दुसरी तक्रार वासाची. दाराभोवतीच्या रबरी कडेत पाणी, साबण आणि धाग्यांचा गाळ साचतो. थंड पाण्याचं धुणं आणि पावसाळी हवा मिळाली की तिथे काळी बुरशी धरते. कड पुसून दार उघडं ठेवायचं आणि महिन्यातून एकदा रिकामं यंत्र ६० अंशांवर चालवायचं.

विकत घेण्याआधी टाकी बघावी. दहा मीटर उंचीच्या पाण्यानं साधारण एक बार दाब मिळतो. कौलारू घराच्या पडवीवर दीड मीटर उंच ठेवलेली टाकी ०.१५ बारच देते, आणि पुष्कळ फ्रंट लोड यंत्रांना त्याहून जास्त दाब लागतो. मग यंत्र पाण्याची वाट बघत बसतं किंवा वेगळा पंप लावावा लागतो. फोंड्याला ओपाहून, खांडेपार नदीचं पाणी येतं. मोठ्या पावसात नदी गढूळ झाली की जोडणीतली बारीक जाळीही एकदा काढून बघावी.

थोड्या पाण्याचा एक फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. पॉलिएस्टरचे कपडे धुताना त्यांचे सूक्ष्म तंतू सुटतात आणि सांडपाण्याबरोबर नदी-खाडीत पोचतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, की जॅकेटं टॉप लोडमध्ये धुतली तर फ्रंट लोडच्या सुमारे सातपट तंतू सुटतात. न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात तर जास्त पाणी घेणाऱ्या नाजूक कपड्यांच्या चक्रात नेहमीच्या चक्रापेक्षा सुमारे ८ लाख तंतू अधिक निघाले. कपड्यांच्या मानानं पाणी जितकं जास्त, तितके तंतू जास्त. मांडवी-जुवारीतली मासळी खाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात टँकर दिसतो, कारण त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळून समुद्राला मिळतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून सरकारनं महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना आणली. पाणी फुकट मिळत होतं तेव्हा बिलाकडे बघून कोण वाचवणार होतं? हिशेब टाकीनंच करावा. रोज एक धुणं आणि प्रत्येकी ६० लिटरची बचत धरली, तर मार्च ते मे या तीन महिन्यांत साडेपाच हजार लिटर होतात. छपरावरची हजार लिटरची टाकी साडेपाच वेळा भरेल एवढं.

यात माडांचा वाटा कमी होतो, हेही खरं. आमच्याकडे धुण्याचं पाणी परसातल्या माडांना आणि केळींना जायचं. आता पाणी थोडं, साबण जवळपास तेवढाच, म्हणून त्यातली सोडियमची क्षारता दाट झाली. माड खारटपणा बराच सोसतो, अळू आणि भाजी सोसत नाही. यंत्र प्रत्येक टप्प्याचं पाणी वेगळं बाहेर टाकतं, त्यामुळे वाटणी करता येते. पावसाळ्यात सगळं पाणी शोषखड्ड्यात जातं. जमीन आधीच तुडुंब असते, तेव्हा तिथे ६० लिटर कमी गेले तर बरंच. आणि नोव्हेंबरपासून साबणाचं पहिलं पाणी माडाच्या आळ्यात सोडायचं आणि शेवटच्या विसळणीचं बादलीत धरून अळवाला घालायचं, ही सोय आईनं लावली आहे. पाइप एका आळ्यातून दुसऱ्यात कधी हलवायचा, हे तिला आता यंत्राच्या आवाजावरून कळतं.