पुरस्कार सोहळ्यातील वाद्यवृंद

चित्रपट आणि दूरचित्रवाणी पुरस्कारांच्या समारंभात प्रत्यक्ष वाजवणारा वादकसमूह. नाव पुकारल्यापासून विजेता मंचावर पोहोचेपर्यंतची धून, लांबलेले भाषण आवरायला लावणारी धून, जीवनगौरवापूर्वीची गाण्यांची गुंफण आणि जाहिरातींकडे नेणारे छोटे तुकडे ही त्याची मुख्य कामे. पुण्यात अशा समूहाला सरसकट ‘ऑर्केस्ट्रा’च म्हणतात, मग वादक आठ असोत की चाळीस.

प्रथेच्या मुळाविषयी एकापेक्षा अधिक मते संभवतात. अमेरिकी सोहळ्यांचे अनुकरण हे सर्वांत सोपे स्पष्टीकरण. पुण्यापुरते मात्र ते अपुरे वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. तेव्हापासून नटाच्या चालीनुसार सूर धरून ठेवणे, तो थांबला की थांबणे आणि ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा मुखड्यापासून उचलणे हे साथीदाराचे रोजचे काम होते. सारंगी आणि तबला, पुढे ऑर्गन, अशी ही साथ. बालगंधर्वांसोबत अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर असत. आता किती वेळ वाजवायचे आहे, हे आधी ठाऊक नसलेल्या वादनाची ही परंपरा आहे, आणि पुरस्कार सोहळ्याला नेमके तेच लागते. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात पडद्याजवळ बसणारे पेटी-तबलावालेही याच जातीचे. प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली तेव्हा मास्टर कृष्णराव आणि केशवराव भोळे या संगीतकारांच्या हाताखाली पगारी वादकांचा ताफा उभा राहिला. मात्र हे वादन ध्वनिमुद्रणासाठी होते. त्याचा समारंभाशी थेट धागा जोडणे जरा ओढूनताणून होईल. त्यापेक्षा जवळचा दुवा साधारणतः 1960 नंतर फोफावलेल्या, चित्रपटगीते रंगमंचावर सादर करणाऱ्या ऑर्केस्ट्रांचा. पुण्याचा ‘मेलडी मेकर्स’ हा त्यांतला गाजलेला. सोहळ्याचा साचा परका आणि वादक घरचे, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

साचा ऑस्करचा. हा समारंभ 1953 मध्ये प्रथम दूरचित्रवाणीवर आला आणि मिनिटांचा हिशोब सुरू झाला. विजेता आधी कळत नसल्याने सर्व नामांकनांचे तुकडे वादकांपुढे तयार ठेवतात. नाव उच्चारले की वाद्यवृंदाचा संचालक त्यांतला एक उचलतो. वेळ उरली तरी भार वाद्यवृंदावरच येतो. 1959 मध्ये कार्यक्रम सुमारे वीस मिनिटे आधीच संपला, तेव्हा निवेदक जेरी लुईस यांनी संचालकाची छडी स्वतः हातात घेऊन वेळ मारून नेली. 2013 मध्ये तर वाद्यवृंद नाट्यगृहात नव्हताच. सुमारे दीड किलोमीटरवरच्या ध्वनिमुद्रण कक्षातून तो वाजत होता.

हिंदीत फिल्मफेअर पुरस्कार 1954 पासून दिले जातात. शंकर-जयकिशन यांना ‘चोरी चोरी’साठी पुरस्कार मिळाला, त्या समारंभात ‘रसिक बलमा’ गाण्यास लता मंगेशकर यांनी नकार दिला, कारण गायकांसाठी पुरस्कारच नव्हता. 1959 पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला.

तांत्रिक अडचणींत सर्वांत चिवट ती पट्टीची, म्हणजे गायकाचा षड्ज कोणत्या स्वरावर आहे त्याची. मराठी गायक आपली पट्टी सोडत नाही. समजा, ती काळी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी कळ, आहे. ऑर्गनवाला बोटे सरकवून मोकळा होतो. पण पाश्चात्त्य पद्धतीने जुळवलेल्या व्हायोलिनची एकही मोकळी, म्हणजे बोट न दाबता वाजणारी, तार त्या पट्टीच्या बिलावल थाटात (सगळे शुद्ध स्वर) बसत नाही, त्यामुळे नाद कोंदटतो. ट्रंपेटवाल्याला तोच भाग आणखी एक स्वर चढवून लिहून द्यावा लागतो. गाण्यांच्या गुंफणीत चार गायक असले की चार पट्ट्या येतात. मग दोन गाण्यांमध्ये पट्टी बदलणारा जोडतुकडा अरेंजर, म्हणजे प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देणारा, लिहितो. असा तुकडा ऐकू आलाच नाही, तर तो जमला असे समजावे. कीबोर्डवर एक कळ दाबून पट्टी बदलू लागल्यावर ही विद्या झपाट्याने मागे पडली. ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याने ताल विभागातली माणसेही कमी केली, तरी ढोलकीला तो पर्याय ठरला नाही. लावणी आली की ढोलकीवाला हवाच.

पुण्यात या वादनाला जागा पुरवणाऱ्या वास्तूंत बालगंधर्व रंगमंदिर (1968) आणि स्वारगेटचा गणेश कला क्रीडा मंच यांचा उल्लेख करावा लागेल. 2002 मध्ये सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला संत तुकारामांच्या नावाचा, तर संगीत आणि ध्वनीसाठी एस. डी. बर्मन यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

दूरचित्रवाणीवर उशिरा आणि संपादित होऊन दाखवल्या जाणाऱ्या सोहळ्यांत प्रत्यक्ष वाद्यवृंदाची गरज उरतेच असे नाही. नृत्ये ध्वनिमुद्रित ट्रॅकवर होतात, लांबलेले भाषण संपादक कापतो आणि विजेत्याची चाल हवी तेवढीच ठेवतो. अशा वेळी वादकांकडे बहुधा जीवनगौरवाची गुंफण तेवढी येते, आणि तीही अनेकदा क्लिक ट्रॅकच्या, म्हणजे लय धरून ठेवणाऱ्या यांत्रिक टिकटिकीच्या, ठोक्यावर, कानात इअरफोन घालून वाजवली जाते.