मोठं टर्बो इंजिन कितीही बूस्ट सोसतं का?

‘तीन लिटरचं टर्बो इंजिन आहे, रीमॅप करून बूस्ट वाढवा, एवढ्या मोठ्या इंजिनाला काही होत नाही,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (बूस्ट म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब; रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं.) तो पटतो, कारण त्यातलं अर्धं खरं आहे: तेवढीच ताकद काढायला मोठ्या इंजिनाला कमी बूस्ट पुरतो.

पण बूस्ट वाढवला की ती सवलत संपते. गेजवर 1.0 बार म्हणजे वातावरणाचा सुमारे 1 बार धरून एकूण दाब 2.0 बार. गेजवर 1.4 केलं की सिलिंडरमध्ये सुमारे 20 टक्के जास्त हवा शिरते. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट मात्र तेच राहतात. ताण ठरतो तो प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबावर, एकूण सीसीवर नाही.

सगळ्यात घातक वेळ बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटासारख्या चढणीवर येते: वरचा गिअर, 1,800 आरपीएम आणि पाय पूर्ण दाबलेला. अशा वेळी मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटू शकतं. मग पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, रॉड वाकतो. म्हणून आधी गिअर खाली घ्या, मगच पाय दाबा. त्यात बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे तोच एकूण दाब गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं.

तपासायचं असेल तर डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं उपकरण) लावून पूर्ण थ्रॉटलचा लॉग घ्या. एखाद्या सिलिंडरचं इग्निशन वारंवार 3-4 अंश मागे जात असेल, म्हणजे इंजिन वाचवायला कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देत असेल, तर बूस्ट उतरवा किंवा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घाला. लागोपाठच्या रनमध्ये इनटेकची हवा तापत गेली, तर इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) अपुरा पडतोय. कॉम्प्रेशन टेस्टही (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी) करून घ्या. सिलिंडरांमधला फरक साधारण 10 टक्क्यांच्या आत हवा.